काळाची तुलना कशी करावी : आशियाई आणि पाश्चात्त्य विचारांच्या नव्या वाचकासाठी

काळाविषयी वाचायला लागलं की एक विधान फार लवकर भेटतं : पूर्वेकडचा काळ वर्तुळाकार, पश्चिमेकडचा सरळ रेषेत जाणारा. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, की म्हणूनच पूर्वेकडे इतिहासाची जाण रुजली नाही आणि पश्चिमेकडे प्रगतीची कल्पना जन्माला आली. हे इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठामपणे लिहिलेलं असतं की नव्या वाचकाला ते सिद्ध झालेलं वाटतं. मला ते घातक वाटतं. ते एकदा मान्य केलं की मूळ ग्रंथ उघडायची गरजच वाटेनाशी होते, आणि या विषयातली खरी मौज त्या ग्रंथांतच आहे.

ज्यांना स्वतः ग्रंथ उघडून दोन विचार शेजारी ठेवून पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी ही कृती. संस्कृत, ग्रीक किंवा चिनी येत नसलं तरी अडत नाही. बरी भाषांतरं, एक वही आणि एका बैठकीत चार-पाच पानांपेक्षा जास्त न वाचण्याचा संयम एवढं पुरतं.

पहिली पायरी : काळाचे चार प्रश्न वेगळे करा

वहीच्या पानावर चार उभे रकाने पाडा. पहिला विश्वाच्या काळाचा : जगाला आरंभ आहे का, शेवट आहे का, ते पुन्हा पुन्हा होतं का? दुसरा मोजणीचा : वर्षं कुठून आणि कशी मोजली? तिसरा स्वरूपाचा : काळ ही स्वतंत्र वस्तू आहे, वस्तूंमधला संबंध आहे, की मनाची रचना आहे? चौथा इतिहासाचा : माणसांच्या व्यवहाराला काही दिशा आहे का, आणि झालेलं लिहून ठेवायचं कशासाठी?

कुठलाही उतारा वाचला की तो कुठल्या रकान्यात बसतो ते आधी ठरवा. वर्तुळ आणि रेषा यांच्या त्या प्रसिद्ध विधानात एका बाजूला पुराणातली युगं असतात, म्हणजे पहिला रकाना. दुसऱ्या बाजूला युरोपातली प्रगतीची कल्पना असते, म्हणजे चौथा. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांसमोर उभी केली की फरक दिसणारच, पण त्यातून कळत काहीच नाही.

एकाच रकान्यात राहिलं की काय दिसतं ते बघा. कर्नाटकात ऐहोळे इथल्या मेगुती जैन मंदिरावर चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची प्रशस्ती कोरलेली आहे. ती रविकीर्ती या कवीची रचना. मंदिर कधी बांधलं हे तो दोन तऱ्हांनी सांगतो : भारती युद्धापासून ३७३५ वर्षं लोटल्यावर, आणि शककाळाची ५५६ वर्षं लोटल्यावर. म्हणजे इ.स. ६३४-३५. यातली पहिली गणना कलियुगाच्या आरंभाशी जुळते. पुराणांच्या हिशेबात कलियुग ४,३२,००० वर्षांचं, चारही युगं मिळून ४३,२०,००० वर्षांची, आणि अशा १००० चतुर्युगांचा एक कल्प, म्हणजे ४३२ कोटी वर्षं. या अफाट चक्रातल्या एका नेमक्या वर्षावर रविकीर्ती बोट ठेवतो आणि शेजारी शकाचा आकडा देतो, जो फक्त वाढतच जातो. तो स्वतः जैन होता, त्याच्या परंपरेतलं विश्वचक्र तर वेगळंच आहे. तरी दोन्ही गणना शेजारी कोरायला त्याला काही अडचण वाटली नाही.

आता त्याच, म्हणजे मोजणीच्या, रकान्यात थ्युसिडिडीज हा ग्रीक इतिहासकार ठेवा. इ.स.पू. ४३१ मध्ये सुरू झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाचा आरंभ त्याला सांगायचा आहे, पण सर्व नगरांना मान्य अशी सलग वर्षगणना त्याच्या हाताशी नाही. मग तो सांगतो की आर्गॉसमध्ये ख्रिसिस पुजारीण होऊन ४८वं वर्ष चालू होतं, स्पार्टात ऐनेसियस एफर (दरवर्षी निवडला जाणारा अधिकारी) होता, अथेन्समध्ये पायथोडोरसच्या अधिकाराचे थोडेच महिने उरले होते. तीन नगरांची तीन पदं जुळवून तो ती वेळ पकडतो. राजा बदलला तरी आकडा पुन्हा १ पासून सुरू न करणारी वर्षगणना मोठ्या प्रदेशावर रूढ झाली ती अलेक्झांडरचा सेनापती सेल्यूकस याच्या वंशाच्या राज्यात, इ.स.पू. ३१२-११ पासून मोजलेली. बाबिलोनसह त्या राज्याचा बहुतेक भाग आशियात होता. इसवी सनाची मोजणी डायोनिसियस एक्झिगुअस या भिक्षूनं मांडली ती इ.स. ५२५ मध्ये. मोजणीच्या रकान्यात ‘पश्चिमेची रेषा’ शोधायला गेलात तर तिचं एक टोक बाबिलोनच्या बाजूला सापडतं.

दुसरी पायरी : खंड बाजूला ठेवा, ग्रंथ निवडा

‘आशिया काय म्हणतो’ हा प्रश्न वहीत लिहू नका. आशियाचं एक मत कधीच नव्हतं. जरथुष्ट्री परंपरेत जगाचा कालावधी १२,००० वर्षांचा आहे. त्याच्या शेवटी सत् आणि असत् यांचा संघर्ष संपतो, सृष्टी निर्मळ होते आणि पुन्हा पहिल्यापासून काही सुरू होत नाही. इतकी सरळ रेषा शोधूनही सापडायची नाही, आणि ती इराणातली आहे. हिब्रू संदेष्ट्यांची भूमीही पश्चिम आशियातलीच.

उलट बाजूही बघा. स्टोइक तत्त्ववेत्त्यांच्या मते विश्व ठरावीक काळानं अग्नीत विलीन होतं आणि जसंच्या तसं पुन्हा घडतं. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं इ.स.पू. दुसऱ्या शतकात राज्यपद्धतींचं चक्र मांडलं : राजेशाही बिघडून जुलूमशाही होते, मग श्रेष्ठांचं राज्य, ते बिघडून मूठभरांचं, मग लोकशाही, ती बिघडून झुंडशाही, आणि पुन्हा एकट्याचं राज्य. इटलीतल्या व्हिकोनं १७२५ मध्ये राष्ट्रांच्या चढउतारांची आवर्तनं मांडली. नीत्शेनं १८८२ मध्ये हेच आयुष्य अगणित वेळा जगावं लागेल ही कल्पना वाचकासमोर ठेवली.

पश्चिमेच्या रेषेचा सर्वांत मोठा आधार मानला जातो तो ऑगस्टीन हा ख्रिस्ती धर्मचिंतक. इ.स. ४१३ ते ४२६ या काळात लिहिलेल्या ‘ईश्वराचं नगर’ या ग्रंथाच्या बाराव्या भागात तो चक्रवाद्यांवर तुटून पडतो. प्लेटो त्याच अथेन्समध्ये, त्याच अकादमीत, त्याच शिष्यांना अगणित वेळा पुन्हा शिकवत राहणार, हे त्याला असह्य वाटतं. ख्रिस्त एकदाच मेला, हे त्याचं उत्तर. हा वाद वाचताना एक गोष्ट मनात ठेवा : ऑगस्टीन ज्यांच्याशी भांडतोय ते ग्रीक आणि रोमन विद्येचेच वारस आहेत. वर्तुळ त्याच्या घरात होतं.

याच पायरीवर आणखी एक प्रश्न विचारायला शिका, कारण सगळ्यात जास्त उजेड तिथून मिळतो : पुन्हा येतं म्हणजे नेमकं काय पुन्हा येतं? स्टोइकांच्या चक्रात तीच माणसं, त्याच घटना येतात. पुराणातल्या मन्वंतरांत, म्हणजे एकेका मनूच्या कालखंडांत, तसं नाही. प्रत्येक मन्वंतरात मनू असतो, इंद्र असतो, सप्तर्षी असतात, पण त्या पदांवर बसणारे वेगळे. पुढच्या मन्वंतराचा इंद्र बळी होणार, असं पुराणं सांगतात. म्हणजे पदं परत येतात, व्यक्ती परत येत नाहीत. जैन कालचक्रात चढत्या आणि उतरत्या अर्धचक्रांत २४ तीर्थंकर होतात, आणि दर खेपेला निराळे. शिवाय जो जीव मुक्त झाला तो चक्रात परत येत नाही. विश्वाचं चाक कितीही फिरो, त्या एका जिवाची वाट एकदाच चालायची आणि संपणारी आहे. बौद्ध निर्वाणाबाबतही हेच. आता मला सांगा, याला वर्तुळ म्हणायचं की रेषा? मी दोन्ही शब्द वापरणं सोडून दिलं आहे.

तिसरी पायरी : ग्रंथ कुणाशी वाद घालतोय ते शोधा

तत्त्वज्ञानातलं प्रत्येक मत कुणाच्या तरी मताला दिलेलं उत्तर असतं. समोरचा पक्ष कळला नाही तर उत्तराचा निम्मा अर्थ हरवतो.

भारतीय दर्शनांत काळाच्या स्वरूपाबद्दल जेवढा वाद आहे तेवढं एकमत कशातच नाही. वैशेषिकांसाठी काळ हे नऊ द्रव्यांपैकी एक : एक, नित्य, सर्वव्यापी. तो दिसत नाही, पण आधी-नंतर, एकदम, सावकाश, लवकर अशा आपल्या प्रतीतींवरून त्याचं अनुमान होतं. सांख्यांना असं वेगळं द्रव्य लागत नाही, प्रकृतीचे, म्हणजे मूळ जडतत्त्वाचे, बदल पुरतात. सर्वास्तिवादी बौद्धांच्या मते भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांतले धर्म (इथे अर्थ : अस्तित्वाचे मूलघटक) अस्तित्वात असतात, फरक फक्त त्यांच्या कार्याचा. सौत्रांतिक हा बौद्धांचाच दुसरा पंथ म्हणतो, आहे तो वर्तमानच. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त हा वाद मुद्द्यागणिक वाचायला मिळतो, आणि भूतकाळ ‘आहे’ की ‘होता’ यावर आजचे पाश्चात्त्य तत्त्वज्ञ जे भांडतात त्याच्या किती तरी वाटा तिथे आधीच चालून झालेल्या दिसतात. व्याकरणाचा तत्त्वज्ञ भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त काळाला विश्वयंत्राचा सूत्रधार म्हणतो : काय घडू द्यायचं आणि काय रोखून धरायचं हे ठरवणारी शक्ती. या सगळ्यांवर ‘भारतीय कालकल्पना’ अशी एकच चिठ्ठी कशी लावणार?

युरोपातही तसंच. ॲरिस्टॉटलसाठी काळ म्हणजे आधी आणि नंतर यांच्या संदर्भात गतीची मोजणी. न्यूटन १६८७ मध्ये म्हणतो, काळ कशाचीही पर्वा न करता समगतीनं वाहतो. कांटला १७८१ मध्ये काळ म्हणजे आपल्या आंतरिक संवेदनेचा आकार वाटतो. तिसऱ्या रकान्यात नावं भरताना खंडाप्रमाणे गट पाडू नका, मताप्रमाणे पाडा. वैशेषिक आणि न्यूटन शेजारी आलेले बघून आधी अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.

चौथी पायरी : एक प्रश्न, दोन छोटे उतारे

आता प्रत्यक्ष तुलना. पहिल्या प्रयत्नासाठी प्रश्न अगदी लहान घ्या : दिवस किंवा तास यांना मनाबाहेर अस्तित्व आहे का? यासाठी दोन उतारे सुचवतो. एक, ऑगस्टीनच्या ‘कबुलीजबाबां’चा अकरावा भाग, इ.स. ४०० च्या आसपासचा. दुसरा, योगसूत्रांच्या तिसऱ्या पादातल्या ५२व्या सूत्रावरचं व्यासभाष्य. दोन्ही एका संध्याकाळी वाचून होतात, आणि समजायला कितीतरी दिवस लागतात.

ऑगस्टीनची अडचण अशी. भूतकाळ आता नाही, भविष्य अजून नाही, आणि वर्तमानाला लांबीच नाही, कारण लांबी असती तर त्याचेही झालेला आणि व्हायचा असे भाग पडले असते. मग आपण ‘लांब वेळ’ म्हणतो तेव्हा मोजतो काय? त्याचं उत्तर : मनात राहिलेली छाप. झालेल्याची स्मृती, चालू असलेल्याकडे अवधान आणि येणाऱ्याची अपेक्षा, ही तिन्ही मनातच असतात. पाठ असलेलं स्तोत्र म्हणायला घेतलं की आरंभी सगळं स्तोत्र अपेक्षेत असतं. म्हणत जाऊ तसतशी अपेक्षा आटते, स्मृती भरत जाते.

व्यासभाष्य म्हणतं, द्रव्याचा शेवटचा अंश जसा परमाणू, तसा काळाचा शेवटचा अंश क्षण. हललेला परमाणू आधीची जागा सोडून पुढची गाठायला जेवढा वेळ घेतो तो क्षण. दोन क्षण कधीच एकत्र नसतात. म्हणून मुहूर्त, अहोरात्र हे बुद्धीनं बांधलेले समूह आहेत. वस्तू म्हणून ते कुठेच नाहीत. ज्यांची दृष्टी बाहेर धावते त्या लोकांना हा काळ खरा असल्यासारखा भासतो.

इथपर्यंत दोघं एकच बोलतायत असं वाटेल. वहीत साम्य लिहून ठेवा : दीर्घ काळ मनाची रचना आहे. मग फरकाकडे वळा आणि तिथे जरा मुक्काम करा.

पहिला फरक उघड आहे. ऑगस्टीनच्या वर्तमानाला लांबी नाही, त्यामुळे तो हातात येतच नाही. व्यासभाष्याचा क्षण खरा आहे. भाष्य तर म्हणतं की सगळं जग त्या एका क्षणातच परिणाम अनुभवतं. ऑगस्टीनला वास्तव सापडतं ते काळाच्या पलीकडच्या ईश्वरात, भाष्यकाराला काळाच्या सर्वांत लहान कणात.

दुसरा फरक हेतूचा. ऑगस्टीनसाठी मनाचं असं ताणलं जाणं ही वेदना आहे. आपण काळांमध्ये विखुरले गेलो आहोत, असं तो ईश्वरापुढे कळवळून सांगतो. ते विखुरणं ईश्वराशी एकरूप झाल्यावरच थांबेल. हा भाग प्रार्थना म्हणून लिहिलेला आहे, आणि प्रार्थनेचा सूर काढून नुसता युक्तिवाद उचलला तर त्याचं पोट रिकामं होतं. भाष्यकाराचा सूर निराळा. क्षण आणि त्यांचा क्रम यांवर संयम (योगातला अर्थ : धारणा, ध्यान आणि समाधी एकत्र) केला की विवेकज ज्ञान, म्हणजे भेद ओळखण्यातून येणारं ज्ञान, होतं, हा सूत्राचा विषय आहे. काळाचं विश्लेषण इथे साधनेचं उपकरण आहे.

तिसरा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे काळाचा प्रश्न इतिहासाला जाऊन मिळतो. स्तोत्राचं उदाहरण देऊन ऑगस्टीन थांबत नाही. जे स्तोत्राला लागू तेच माणसाच्या सगळ्या आयुष्याला लागू, आणि तेच मानवजातीच्या सगळ्या युगांना, असं तो पुढे म्हणतो. एका ओळीत तो मनाच्या अवधानावरून जगाच्या इतिहासावर उडी घेतो. मनुष्यजातीचा इतिहासही एखाद्या स्तोत्रासारखा सलग, आरंभ आणि शेवट असलेला, कुणीतरी पूर्ण जाणणारा असा आहे, ही कल्पना इथे बीजरूपानं आली आहे. पुढे त्यानं ‘ईश्वराचं नगर’ लिहिलं यात नवल नाही. व्यासभाष्य तिथून दुसरीकडे जातं. क्षणांच्या क्रमाचा त्याला उपयोग आहे तो एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंतला भेद ओळखण्यासाठी आणि अखेर पुरुष (चैतन्य) आणि प्रकृती यांचा विवेक होण्यासाठी. सामूहिक इतिहास हा त्याचा प्रश्नच नाही.

या तिसऱ्या निरीक्षणावरून ‘म्हणून भारतीयांना इतिहास नव्हता’ असं लिहायचा मोह होईल. तो आवरा. तुम्ही फक्त दोन उतारे ताडले आहेत. योगशास्त्राच्या ग्रंथात इतिहास नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

पाचवी पायरी : साम्य दिसलं तरी पुढे वाचत राहा

नव्या वाचकाला साम्याचा फार आनंद होतो, आणि तो रास्त आहे. फक्त त्याला थोडं पुढे रेटावं लागतं. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या ‘मूलमध्यमककारिके’चं १९वं प्रकरण काळाची परीक्षा करतं. श्लोक फक्त ६. वर्तमान आणि भविष्य हे भूतकाळाच्या अपेक्षेनं ठरत असतील, तर ते भूतकाळातच असायला हवेत. तिथे नसतील तर त्याच्या अपेक्षेनं ठरतील कसे? आणि अपेक्षेशिवाय तर ते सिद्धच होत नाहीत. इंग्लंडमधल्या मॅकटॅगार्ट या तत्त्वज्ञाचा १९०८ मधला निबंध याच्या शेजारी ठेवा. प्रत्येक घटनेला भविष्य, वर्तमान आणि भूत ही तिन्ही विशेषणं लागतात, पण ती एकमेकांशी विसंगत आहेत. ‘एकाच वेळी लागत नाहीत’ असं म्हणून सुटू पाहिलं तर त्या ‘वेळे’साठी पुन्हा तीच तीन विशेषणं लागतात. म्हणून काळ सत्य नाही.

युक्तिवादांची ठेवण इतकी जवळची आहे की थक्क व्हायला होतं. पण मॅकटॅगार्ट काळ काढून टाकतो तो त्यामागे एक कालातीत वास्तव उभं करण्यासाठी : प्रेमानं परस्परांशी जोडलेल्या आत्म्यांचं. नागार्जुन असं काही मागे ठेवत नाही. काळ वस्तूंवर अवलंबून, वस्तूंनाही स्वभाव नाही, इथे तो हात झटकतो. एकाला काळामागचं सत्य हवं आहे, दुसऱ्याला ‘सत्य म्हणून धरून ठेवणं’ हीच सवय सोडवायची आहे.

जपानी झेन आचार्य दोगेन आणि जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर ही जोडीही नेहमी लावली जाते. दोगेन १२४० मध्ये लिहितो की असणं म्हणजेच काळ. हायडेगरचा ‘असणं आणि काळ’ १९२७ चा. ही जोडी पहिल्याच वर्षी हातात घेऊ नका, दोन्ही ग्रंथ कठीण आहेत. त्याऐवजी जपानी तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो वाचा. १९२७ मध्ये बर्लिनला असताना त्यानं हायडेगरचा ग्रंथ नुकताच छापलेला वाचला, आणि काळावर एवढा भर देताना जागेचा, हवामानाचा, माणसामाणसांतल्या नात्यांचा विचार मागे पडला अशी हरकत घेतली. त्यातून १९३५ मध्ये त्याचा स्वतःचा ग्रंथ आला. आपण बाहेरून लावलेल्या जोडीपेक्षा प्रत्यक्ष झालेला असा संवाद कितीतरी अधिक शिकवतो.

सहावी पायरी : इतिहास लिहिणाऱ्यांकडे या

चौथ्या रकान्यासाठी तत्त्वज्ञांइतकेच इतिहासकार वाचावे लागतात, कारण कालकल्पना त्यांच्या कामात मुरलेली असते. चीनमधला सिमा छ्येन घ्या. इ.स.पू. १०० च्या आसपास लिहिलेल्या त्याच्या ‘शिजी’त १३० प्रकरणं आहेत, त्यांतली १० निव्वळ कालतक्ते. यातला एक तक्ता इ.स.पू. ८४१ पासून वर्षागणिक, निरनिराळ्या राज्यांतल्या घटना शेजारी मांडत जातो. तोच लेखक हान वंशाच्या संस्थापकाविषयी लिहिताना म्हणतो की शिया, शांग, चौ या तीन राजवंशांची रीत चक्रासारखी आहे, संपते आणि पुन्हा सुरू होते. एकाच ग्रंथात वर्षांची न तुटणारी ओळ आहे आणि राजनीतीचं आवर्तनही आहे. त्याच्या आधीचा हान फेइ तर जुन्या काळाकडे परत जाण्याचीच खिल्ली उडवतो. एक ससा झाडाच्या बुंध्यावर आपटून मेला म्हणून नांगर टाकून दुसऱ्या सशाची वाट बघत बसलेल्या शेतकऱ्याची त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. गेलेल्या राजांच्या उपायांनी आजचं राज्य चालवू पाहणारे तसेच, असं तो म्हणतो.

काश्मीरचा कल्हण इ.स. ११४८ च्या सुमारास ‘राजतरंगिणी’ लिहायला बसला. आरंभीच तो सांगतो की भूतकाळ सांगताना ज्याची वाणी राग-द्वेष सोडून न्यायाधीशासारखी असते तोच स्तुतीला पात्र. आधीच्या विद्वानांचे ११ ग्रंथ आणि नीलमत पुराण पाहिलं, राजांची दानपत्रं, प्रशस्ती, शास्त्रग्रंथ तपासले, हेही तो नोंदवतो. त्याच ग्रंथात कर्मफळ आणि शाप हीदेखील कारणं म्हणून येतात. यातलं एक उचलून दुसरं झाकू नका. कल्हणाला आधुनिक इतिहासकार ठरवायची घाई आणि त्याला पुराणिक म्हणून बाजूला सारायची घाई, दोन्ही सारख्याच नुकसानकारक आहेत.

‘भारताला इतिहास नाही’ हे विधान कुठून आलं याचाही माग काढा. भारताविषयी ग्रंथ लिहिणारा मुस्लिम विद्वान अल्बेरुनी इ.स. १०३० च्या सुमारास तक्रार करतो की हिंदू लोक घटनांच्या ऐतिहासिक क्रमाकडे फारसं लक्ष देत नाहीत. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. पण तो ज्या प्रकरणात हे म्हणतो, त्याच प्रकरणात इथल्या वेगवेगळ्या संवतांची यादी करून एका ठरावीक वर्षाशी ती जुळवूनही दाखवतो. जेम्स मिलनं १८१७ मध्ये भारताचा मोठा इतिहास लिहिला तो भारतात कधीही पाऊल न ठेवता. हेगेलनं १८२२ पासून बर्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत जगाचा इतिहास पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो, आशिया त्याचा आरंभ आणि युरोप त्याची अखेर, असं मांडलं. मार्क्सनं १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लिहिलं की भारतीय समाजाला इतिहासच नाही, निदान माहीत असलेला तरी. ज्या काळात एक देश दुसऱ्यावर राज्य करत होता त्या काळात ही वाक्यं लिहिली गेली. ज्यांना इतिहास नाही त्यांना इतिहासात आणणं हे आपलं काम, असं म्हणायला मग मोकळीक मिळते. हे ओळखल्याशिवाय वर्तुळ आणि रेषा यांचा वाद निव्वळ तात्त्विक समजणं मला योग्य वाटत नाही.

आणि गंमत अशी की पूर्वेकडच्या लोकांनीही आपल्याच जुन्या सामग्रीतून प्रगतीची रेषा काढली. चीनमध्ये दुसऱ्या शतकातल्या हे शियू या भाष्यकारानं तीन युगं सांगितली होती : गोंधळाचं, शांततेकडे झुकणारं आणि महाशांतीचं. १९व्या शतकाच्या अखेरीस खांग योवेई या सुधारकानं तीच तीन युगं घेऊन राजकीय सुधारणांची मागणी मांडली. उत्तर आफ्रिकेतल्या इब्न खल्दूननं १३७७ मध्ये राजवंश काही पिढ्यांत का ढासळतात याची सामाजिक कारणं दिली. त्याला पूर्वेच्या रकान्यात टाकायचं की पश्चिमेच्या, यावर वेळ घालवू नका. वहीत त्याचं नाव त्याच्या प्रश्नाखाली लिहा.

सातवी पायरी : लिहायला बसताना

प्रत्येक वाक्याचा कर्ता एखादा ग्रंथ किंवा व्यक्ती असू द्या. ‘पाश्चात्त्य माणूस’ किंवा ‘भारतीय मन’ हे कर्ते म्हणून आले की ते वाक्य खोडून पुन्हा लिहा. साम्य आणि फरक दोन्ही एकाच रकान्यातले आहेत ना, हे तपासा. निष्कर्ष उताऱ्यांएवढाच मोठा ठेवा. दोन उताऱ्यांच्या आधारावर एक छोटं, नेमकं विधान केलंत तर ते टिकतं.

पहिली तुलना पुरी झाली की दुसरीसाठी एक चांगला वाद सुचवतो. काळ हे द्रव्य आहे का, यावर जैनांमध्येच दोन मतं आहेत. तत्त्वार्थसूत्र या जैन सूत्रग्रंथाच्या दिगंबर पाठात ‘काळही द्रव्य आहे’ असं सूत्र येतं, श्वेतांबर पाठात ‘काळही द्रव्य आहे, असं काहीजण म्हणतात’ असं. दिगंबरांच्या मते लोकाकाशाच्या (जगानं व्यापलेल्या अवकाशाच्या) प्रत्येक प्रदेशावर, म्हणजे सर्वांत लहान अंशावर, एकेक स्वतंत्र कालाणू (काळाचा अणू) असतो. याच्या समोर १७१५-१६ मधला पत्रव्यवहार ठेवा, ज्यात न्यूटनची बाजू घेणाऱ्या क्लार्कशी लायबनिझ वाद घालतो आणि काळ म्हणजे घटनांच्या क्रमापलीकडे काही नाही असं सांगतो. सुरुवात दोन्ही सूत्रपाठ शेजारी लिहून करा, आणि प्रत्येक भाष्यकाराला काळ द्रव्य मानल्याशिवाय कुठली गोष्ट समजावून सांगता येत नव्हती, ते शोधत जा.